रस्त्यावरचं कुत्रं घरी आणल्यावर: पहिल्या रात्रीपासून पुराच्या दिवसांपर्यंत

साखर कारखान्याचा पट्टा पडून, म्हणजे हंगामाचं गाळप संपून, आठवडा झाला होता. ऊसतोडीच्या टोळ्या गावाकडं निघून गेल्या होत्या आणि तासगाव रस्त्याला, पालं उठलेल्या जागेवर, एक भुरकट कुत्री थंड चुलीच्या राखेत बसून होती. तिसऱ्या दिवशीही तिथंच. चौथ्या दिवशी आम्ही तिला सांगलीला घरी आणलं, नाव ठेवलं भुरी. कानात गोचीड, बोटांच्या बेचक्यांत गोचीड, बरगड्या लांबून मोजता येत होत्या. आणल्याबरोबर मी तिला बाथरूममध्ये नेऊन गरम पाण्यानं अंघोळ घातली. मायेनंच घातली. पण तिच्या बाजूनं पाहिलं तर अनोळखी माणसांनी तिला उचललं, कोंडलं आणि अंगावर पाणी ओतलं. ती दिवाणाखाली शिरली, आणि पुढचे चार दिवस माझा हात जवळ गेला की थरथरायची.

अशा कुत्र्याला माया कळायच्या आधी नेम कळतो. ताटली रोज त्याच वेळी येते, बाहेर रोज त्याच वेळी नेतात, रात्री दिवा त्याच वेळी मालवतो, हे त्याला आठवडाभरात उमगतं. मग ते आपण होऊन जवळ येतं. खाली लिहिलेलं जवळपास सगळं या एका गोष्टीवर उभं आहे.

आणायच्या आधी

आधी त्याचं कुणी आहे का ते बघा. गळ्यात पट्टा किंवा पट्ट्याचा व्रण आहे का? आसपासच्या टपरीवाल्याला, वस्तीवरच्या माणसांना विचारा, फोटो दाखवा. कानही बघा. पालिकेकडून नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या कानाला खाच असते. ती दिसली तर ऑपरेशन झालेलं आहे, आणि बहुधा त्याच वेळी रेबीजची लसही टोचलेली आहे. अंगानं भरलेलं, पोटभर खाल्लेलं आणि गल्लीत सुखी असलेलं कुत्रं उचलून आणायचा हट्ट धरू नका. त्याला तिथंच खाऊ घालणं आणि लस देणं, हीसुद्धा चांगली सोय आहे.

घरात एक कोपरा ठरवा, येण्याजाण्याच्या वाटेवर नसलेला. तिथं जुनी गोधडी आणि पाण्याचं जड भांडं ठेवा, म्हणजे ते सांडणार नाही. गळ्याच्या पट्ट्याबरोबर छातीवरून येणारा हार्नेसही घ्या. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून पट्ट्यातून मान काढतं आणि धूम ठोकतं. नव्यानं आणलेली कुत्री हरवतात ती बहुतेक अशीच, पहिल्या आठवड्यात. पट्ट्यावर मोबाईल नंबर पहिल्याच दिवशी लिहा. साधा मार्करही चालतो.

घरात आधीपासून दुसरं कुत्रं असेल तर नव्याला किमान दोन आठवडे वेगळं ठेवा, भांडीही वेगळी. डिस्टेंपर आणि पार्वो हे कुत्र्यांचे जीवघेणे साथीचे आजार अंगात असले तरी पहिले काही दिवस बाहेर दिसत नाहीत.

पहिले तीन दिवस

अंघोळ नको, पाहुणे नकोत, शेजारच्या पोरांना दाखवणं नको. बाहेर न्यायचं, खायला घालायचं आणि आपण जवळच जमिनीवर बसून आपलं काम करायचं. भाजी निवडा, पेपर वाचा. त्याच्याकडे टक लावून बघू नका. कुत्र्यांच्या भाषेत ती धमकी असते. हात डोक्यावरून न नेता खालून पुढे करा, हुंगू द्या आणि मागे घ्या.

ते दिवाणाखाली किंवा वॉशिंग मशीनमागे गेलं तर ओढून काढू नका. ती त्याची तिथली सुरक्षित जागा आहे. भांडं रोज वीतभर बाहेर सरकवा.

कुत्र्यांची माणसं एक अंदाज सांगतात: तीन दिवस बावरलेलं, तीन आठवड्यांत घराचा नेम कळतो, तीन महिन्यांत घर आपलं वाटतं. प्रत्येक कुत्र्याला हे तंतोतंत लागू पडत नाही. भुरीला शेपटी हलवायला पाच आठवडे लागले. पण चौथ्या दिवशी ‘हे काही जमणार नाही’ असं वाटायला लागतं, तेव्हा हा अंदाज मनाला धीर देतो.

गुरगुरण्याबद्दल एक सांगते. गुरगुरलं म्हणून मारू नका, ओरडूही नका. गुरगुरणं म्हणजे ‘लांब राहा’ हे त्याचं सांगणं. ते बंद पाडलं तर पुढच्या वेळी न सांगताच चावेल. त्याआधीच्या खुणाही शिकून घ्या: झोप नसताना जांभई, सारखी जीभ ओठांवरून फिरवणं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघणं, शेपूट पोटाखाली. यातलं काही दिसलं की आपण एक पाऊल मागं.

डॉक्टरकडं जाताना

कुत्रं खात-पीत असेल तर तीन-चार दिवसांनी न्या. उलट्या, रक्ताचे जुलाब, पांढऱ्या हिरड्या, जखमेत किडे किंवा मान टाकलेली असेल तर त्याच दिवशी.

तालुक्याचे सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने मुख्यतः गाई-म्हशींचं काम करतात, पण रेबीजच्या लशीची चौकशी तिथंही करा. सांगली-मिरजेत खासगी डॉक्टर आहेत. फार गुंतागुंतीचं दुखणं असेल तर सातारा जिल्ह्यात शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पुणे रस्त्यावरच असल्यानं आपल्याकडून गाडीनं सरळ जाता येतं.

पहिल्या भेटीत वजन करून घ्या. औषधाचा डोस वजनावरच ठरतो. जंताचं औषध घ्या: पिल्लाला तीन महिन्यांचं होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी, मग सहा महिन्यांपर्यंत दरमहा, मोठ्याला साधारण दर तीन महिन्यांनी. पिल्लाची एकत्रित लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होते आणि चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं पुन्हा देतात. रेबीजची लस तीन महिन्यांनंतर आणि मग डॉक्टर सांगतील त्या तारखेला. मोठ्या कुत्र्याचा मागचा इतिहास माहीत नसेल तर लस झालीच नाही असं धरून चालायचं. लशीच्या वहीत तारीख आणि लशीचं लेबल लावून मागा. ही वही पुढं कुठं कुठं लागते ते शेवटी सांगते.

रस्त्यावरून आलेल्या मादीला खालून रक्त येत असेल तर ती माजावर आहे असं गृहीत धरू नका. कुत्र्यांमध्ये समागमातून पसरणारी एक गाठ असते, नरालाही होते, आणि रक्ताचे थेंब हेच तिचं पहिलं लक्षण असतं. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं घेतली की ती बहुतेक वेळा पूर्ण बरी होते. लोकांना माहीत नसतं आणि लाजेनं कुणी बोलत नाही, म्हणून मुद्दाम लिहिलं.

गोचीड

यावर जरा थांबते, कारण आपल्या भागात कुत्री गमावण्याचं हे मोठं कारण आहे आणि ते टाळता येतं.

कुत्र्यावरची तपकिरी गोचीड रक्त पिऊन झाल्यावर अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीमागे, फरशीच्या सांध्यात काही हजार अंडी घालते. म्हणजे अंगावर दिसतात त्याहून किती तरी जास्त घरात असतात. नुसतं कुत्रं साफ करून भागत नाही. चौकटी, कोपरे घासायचे, गोधडी उकळत्या पाण्यातून काढून उन्हात टाकायची, आणि हे दोन-तीन महिने चालू ठेवायचं.

अंगावरची गोचीड चिमट्यानं कातडीलगत धरून सरळ ओढा. बोटांनी चिरडू नका, साबणाच्या पाण्यात टाका. रॉकेल, काडीचा चटका, चुना यातलं काहीही नको. आणि गोठ्यात म्हशीवर मारायचं गोचिडाचं औषध कुत्र्यावर अजिबात नको. आपल्याकडं ते प्रत्येक वस्तीवर असतं, हाताशी असतं आणि ‘थोडंसंच’ म्हणून लावलं जातं. कुत्रं स्वतःला चाटतं, विष पोटात जातं, तोंडाला फेस येतो, झटके येतात. तसंच लूत भरलेल्या कुत्र्याला गाडीचं जळकं ऑईल फासू नका. ते कातडीतून आणि चाटण्यातून अंगात भिनतं. लुतीवर आता सोप्या गोळ्या आहेत, कातडीचा नमुना बघून डॉक्टर देतात.

महिन्यातून एकदा किंवा तीन महिन्यांतून एकदा द्यायची गोचिडाची गोळी मिळते, मानेवर सोडायचं औषधही मिळतं. वजन आणि वय सांगून डॉक्टरकडूनच घ्या. पूर्वी कधी झटके आले असतील तर तेही सांगा.

गोचीड-ताप ओळखायचा कसा? कुत्रं दोन वेळा ताटली सोडतं, मलूल पडतं, अंग गरम. त्याचं नेहमीचं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, म्हणून आपल्या हाताला ते एरवीही कोमटच लागतं. थर्मामीटर ठेवा. ओठ वर करून हिरड्या बघा; गुलाबीच्या पांढुरक्या झाल्या, नाकातून रक्त आलं, लघवी चहासारखी झाली, पोटावर लाल-जांभळे ठिपके दिसले, की वाट बघू नका. रक्त तपासून औषध सुरू होतं. एका प्रकारच्या तापाला गोळ्या साधारण चार आठवडे द्याव्या लागतात. पाचव्या दिवशी कुत्रं उड्या मारायला लागतं आणि इथंच लोक गोळ्या थांबवतात. थांबवू नका. दुखणं आत दबून राहतं आणि काही महिन्यांनी जास्त वाईट होऊन परत येतं.

तापाला घरातली पॅरासिटामॉल किंवा आयब्युप्रोफेन देऊ नका. माणसाची ही औषधं कुत्र्याचं लिव्हर, किडनी, जठर बिघडवतात.

खाणं

उपाशी कुत्रं बघितलं की ताट भरून वाढावंसं वाटतं. खूप दिवस उपाशी असलेल्या पोटाला ते झेपत नाही. उलटी-जुलाब तर होतातच, पण एकदम भरपूर अन्न गेल्यानं रक्तातल्या क्षारांचा तोल जाऊन जीवही जाऊ शकतो. पहिले चार-पाच दिवस थोडं थोडं, दिवसातून चार वेळा: मऊ भात आणि बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा अंडं. जुलाब नसतील तर हळूहळू वाढवत दोन वेळांवर आणा.

पुढं रोजचं काय? भाकरी चालते, पण नुसती भाकरी आणि दूध म्हणजे जेवण नव्हे. प्रथिनं कमी पडतात आणि वाढत्या पिल्लाची हाडं वाकतात. भाकरी किंवा भात, सोबत अंडी-चिकन, थोडा लाल भोपळा किंवा गाजर. पिल्लाला निम्मं तरी पिल्लांचं तयार खाणं घाला, कॅल्शियमचा हिशेब त्यातच बसतो. मोठ्या कुत्र्यांना दूध बऱ्याचदा पचत नाही, ताक किंवा दही सोसतं.

आता आपल्या घरांतलं खरं संकट. रविवारचा रस्सा. कांदा-लसूण मसाला घातलेला रस्सा भाकरीवर ओतून कुत्र्याला घालायची आपली जुनी सवय आहे. कांदा आणि लसूण, शिजवलेला असो, वाळवलेला असो, कुत्र्याच्या तांबड्या पेशी फोडतो. एका घासानं काही दिसत नाही, दर आठवड्याला घातलं की कुत्रं पांढरं पडत जातं. रश्श्यातली शिजलेली हाडंही नकोत, त्यांच्या किरच्या होऊन आतड्यात रुततात. भडंगातला लसूण तसाच, पोरं मूठ-मूठ टाकतात.

आणि बेदाणे. आपला जिल्हा द्राक्षाचा, तासगावचा बेदाणा देशभर जातो, घराघरांत डबा भरलेला असतो. द्राक्षं आणि बेदाणे खाऊन कुत्र्याची किडनी निकामी होऊ शकते. एखादं कुत्रं मूठभर पचवतं, एखाद्याला थोडक्यात बाधतं, आधी सांगता येत नाही. बेदाणे खाल्ले असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता दोन तासांच्या आत दवाखाना गाठा. मीठ चारून घरी उलटी करवू नका. शिरा-खिरीतून, प्रसादातूनही बेदाणे जातात. आमच्याकडं पूजेला आलेल्यांना आई दारातच सांगते, ‘भुरीला प्रसाद देऊ नका हं, तिला मी वेगळं ठेवलंय.’ कुणाला वाईट वाटत नाही. चॉकलेट आणि शुगर-फ्री च्युइंगमही कुलपात.

शी-शू आणि एकटं राहणं

रस्त्यावर वाढलेलं कुत्रं घर घाण करायला बघत नाही, त्याला फक्त जागा कळलेली नसते. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यानंतर पंधरा-वीस मिनिटांत, खेळून झाल्यावर आणि रात्री शेवटचं, असं दोर धरून एकाच जागी न्या. केलं की तिथल्या तिथं शेंगदाण्याएवढा अंड्याचा तुकडा. घरात झालं तर मुकाट्यानं पुसा. नाक घासणं, चापट मारणं यानं ते एवढंच शिकतं की माणसासमोर करायचं नाही, मग सोफ्यामागे करतं. फिनेलनं पुसून वास जात नाही. साबणानं धुऊन व्हिनेगरचं पाणी फिरवा.

एकटं ठेवायची सवय दोन मिनिटांपासून. दार ओढून घ्या, परत या, काहीच झालं नाही असं वागा. पाच, दहा, तीस. पहिल्या आठवड्यात रजा काढून चोवीस तास सोबत आणि सोमवारी एकदम नऊ तास कुलूप, असं झालं की ते दार कुरतडतं. टाकून दिलेल्या जिवाला बंद दार म्हणजे पुन्हा तेच.

फिरायला नेताना

उन्हाळ्यात डांबरावर हाताची पालथी बाजू सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसत नाही. सकाळी सातच्या आत, संध्याकाळी ऊन कलल्यावर. धाप थांबत नसेल, लाळ गळत असेल, पाय लटपटत असतील तर सावलीत न्या, साधं पाणी अंगभर ओता, पंख्याखाली ठेवा आणि लगेच दवाखान्यात हलवा.

पावसाळा सरल्यावर गवताची कुसळं. घरी आल्यावर बोटांच्या बेचक्या आणि कान रोज तपासा. कुसळ कातडीत शिरलं की आतआत सरकतं आणि गळू होतं. उसाच्या बांधावर मोकळं सोडू नका. उंदराचं औषध असतं, फवारणी झालेली असते, घोणस असते. साप चावला असा संशय आला तर कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. कुठल्या डॉक्टरकडं सर्पविषावरचं इंजेक्शन असतं ते आजच विचारून ठेवा.

गल्लीतली कुत्री अंगावर येतील. दोर आवळू नका, कुत्र्याला उचलूही नका. वळून शांतपणे दुसऱ्या बाजूला चला. रोज त्याच वाटेनं, त्याच वेळी गेलं की पंधरा दिवसांत ती ओळखायला लागतात.

शेजारी विचारतात, ‘ओ वैनी, चावतंय का हो हे?’ ‘नाही’ म्हणून मोकळं होऊ नका. ‘नवीन आहे, घाबरतंय, हात लावू नका’ असं सांगा. लहान मुलांना एवढंच शिकवा: खाताना आणि झोपलेलं असताना त्याच्याजवळ जायचं नाही.

चावलंच तर

आपलं असो, परकं असो, लस झालेली असो. जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवायची, घड्याळ लावून. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. मग सिव्हिलला किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात जायचं. दंडाच्या स्नायूत लस घेतली तर पहिल्या डोसाच्या दिवसाला शून्य धरून ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी पुढचे डोस असतात. कातडीत देतात तेव्हा वेळापत्रक थोडं वेगळं असतं. रक्त आलं असेल तर जखमेत द्यायचं रेबीजचं इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन, मागा. कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवतात, पण त्यासाठी लस थांबवायची नसते. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर माणूस वाचत नाही, म्हणून इथं संकोचाला जागा नाही.

डॉल्बी आणि फटाके

संस्थानच्या गणपतीची मिरवणूक सांगलीत पाचव्या दिवशी निघते, मिरजेची अनंत चतुर्दशीची दुसऱ्या दिवसापर्यंत चालते, मग दिवाळी. डॉल्बीचा दणका आपल्या छातीत बसतो, तिथं कुत्र्याच्या कानाचं काय होत असेल? दुपारीच लांब फिरवून आणा. घरातली सगळ्यात आतली खोली, जाड पडदे, पंखा पूर्ण, टीव्ही चालू. ते येऊन चिकटून बसलं तर बसू द्या, कुरवाळा. त्यानं भीती वाढते हा गैरसमज आहे. दार उघडताना दोर लावलेलाच असू द्या. फार घाबरत असेल तर डॉक्टर आधीपासून औषध देतात, ते गणपतीच्या दोन आठवडे आधी विचारा.

नसबंदी

करा. वजन भरलं, गोचीड-ताप नाही हे रक्त तपासून कळलं, की करा. माज चालू असताना शक्यतो नको. न केलेल्या मादीला उतारवयात गर्भाशयात पू होऊ शकतो आणि त्यानं जीवही जाऊ शकतो. टाके निघेपर्यंत दहा-चौदा दिवस, ते चाटू नयेत म्हणून, गळ्यात शंकूसारखी कॉलर, उड्या बंद.

पुराची पिशवी

आम्ही सांगलीच्या गावभागात, कृष्णेकाठच्या जुन्या वस्तीत, राहतो. जुलै-ऑगस्टमध्ये आमच्याकडं सकाळी पहिला प्रश्न असतो, ‘आयर्विनला किती फूट?’ म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा भुरी नव्हती. पण गच्च्यांवर राहिलेली कुत्री रात्रभर ओरडत होती ते अजून माझ्या कानात आहे. ज्यांची होती ती माणसं वाईट नव्हती. बोटीत जागा नव्हती आणि घाबरलेलं कुत्रं हातात येत नव्हतं.

म्हणून जूनमध्येच तयारी करायची. पिशवीत लशीच्या वहीची झेरॉक्स प्लॅस्टिकमध्ये घालून, पाच दिवसांचं कोरडं खाणं, दोन लिटर पाणी, जादा दोर, चालू असलेली औषधं, तोंडाला बांधायची मऊ पट्टी आणि तुमच्यासोबतचा त्याचा एक फोटो. लस झालेली दाखवता आली तर निवाऱ्यात आणि नातेवाइकांकडं जागा मिळणं सोपं जातं. कुत्र्याला चादरीत गुंडाळून उचलायची, जिना उतरायची सवय कोरड्या दिवसांतच करून घ्या, दर वेळी अंड्याचा तुकडा देऊन. साखळीला बांधून कधीही घर सोडू नका. पाणी ओसरल्यावर चिखलातलं, साचलेलं पाणी पिऊ देऊ नका. उंदरांच्या लघवीतून त्यात लेप्टो, म्हणजे लेप्टोस्पायरोसिसचा संसर्ग, येतो, माणसालाही होतो. त्याची लस वर्षाला द्यावी लागते, ती मे महिन्यात उरकून घ्या. आणि घरात शिरायच्या आधी काठीनं कोपरे हलवा, पुरासोबत साप आत आलेले असतात.

आयर्विनला पाणी पस्तीस फुटांवर गेलं की आम्ही थांबत नाही. भुरी, तिची पिशवी आणि तिची गोधडी आधी विश्रामबागला बहिणीकडं पोचते. आमचं सामान त्यानंतर हलतं.